क्षमापत्रांचा व्यवहार

ऱ्हाइन नदीच्या काठी वसलेल्या माइन्झ शहरात, योहान गुटेनबर्गच्या नावाशी ज्यांचा संबंध कायमचा जडला आहे त्या नव्या छापखान्यांतून, १४५४-५५ च्या सुमारास दोन प्रकारचा माल बाहेर पडत होता. एक होते पानाला बेचाळीस ओळींचे लॅटिन बायबल, ज्याच्या देखणेपणाची वाखाणणी मुद्रणकलेचे जाणकार आजही करतात. आणि दुसरे होते एकाच बाजूस छापलेले, तीस-एकतीस ओळींचे सुटे तुकडे, ज्यांत घेणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख भरण्यापुरती जागा कोरी सोडलेली असे. हे तुकडे म्हणजे क्षमापत्रे. तुर्कांपासून सायप्रसच्या राज्याचे रक्षण करण्यासाठी जो द्रव्य देईल, त्याला पापाच्या शिक्षेची माफी मिळावी, अशी पोपची सनद त्यांच्यामागे होती. युरोपात खिळे जुळवून छापलेला आणि तारीख असलेला जो सर्वांत जुना मजकूर आज हाती आहे, तो बायबलचा नसून अशाच एका क्षमापत्राचा आहे.

या व्यवहाराची हकिकत सांगताना प्रॉटेस्टंट लेखक पुष्कळदा असा आभास उत्पन्न करतात की, लोभी पोपांनी एके दिवशी मसलत करून ही मखलाशी रचली आणि भोळ्या जनतेच्या गळ्यात बांधली. ख्रिस्ताच्या उपदेशात किंवा प्रेषितांच्या पत्रांत क्षमापत्राचा मागमूस नाही, हे खरेच. परंतु त्याच्या अभावापासून त्याच्या बाजारापर्यंतचे अंतर कापावयास हजार-बाराशे वर्षे लागली, आणि वाटेतले बहुतेक टप्पे सज्जनांनी, सद्हेतूने आणि पुष्कळदा दयाबुद्धीने ओलांडलेले आहेत. आरंभीच्या शतकांत खून, व्यभिचार किंवा धर्मत्याग यांसारखे घोर पाप करणारास मंडळीबाहेर ठेवून वर्षानुवर्षे उपास आणि प्रार्थना करावयास लावीत. पुढे बिशप त्याचा पश्चात्ताप पाहून ही मुदत कमी करू लागला. त्यानंतर आयर्लंडातील मठवासीयांनी कोणत्या पापाला किती दिवस उपास याची कोष्टकेच तयार केली, आणि ज्याला उपास झेपत नाही त्याने त्याऐवजी स्तोत्रपठण किंवा दानधर्म करावा, अशी सवलत दिली. आपल्याकडील धर्मशास्त्रावरचे निबंधग्रंथ ज्यांनी चाळले आहेत त्यांना हा क्रम अपरिचित वाटणार नाही. कृच्छ्र झेपत नसेल तर प्रत्याम्नाय म्हणून गोदान, आणि गाय नसेल तर तिचे मूल्य, अशी सोय आपल्या शास्त्रीमंडळींनीही करून ठेवलीच होती.

सवलतीचा एकदा पायंडा पडला की ती कोणाला, कशासाठी आणि किती द्यावी हा प्रश्न अधिकाराचा होऊन बसतो. १०९५ मध्ये क्लेर्मों येथे दुसऱ्या अर्बन पोपाने जाहीर केले की, केवळ भक्तिभावाने जेरुसलेमच्या मुक्ततेसाठी जो निघेल त्याची ती यात्राच सर्व प्रायश्चित्तांच्या जागी धरली जाईल. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने बिशपांच्या उदारपणाला आळा घातला. चर्चच्या प्रतिष्ठापनेच्या दिवशी एक वर्षाची आणि अन्य प्रसंगी चाळीस दिवसांची माफी, याहून अधिक त्यांनी देऊ नये असे ठरले, म्हणजे मोठी माफी रोमच्या एकट्याच्या हाती राहिली. १३०० साली आठव्या बोनिफेस पोपाने महोत्सवी वर्ष पुकारले आणि पेत्र व पौल यांच्या मंदिरांना रोमकरांनी तीस दिवस आणि परदेशीयांनी पंधरा दिवस भेट दिली असता पूर्ण माफीचे वचन दिले. इतके झाल्यावर या माफीची रक्कम कोणत्या खजिन्यातून अदा होते, असा प्रश्न कोणा तर्कनिष्ठाने विचारणे क्रमप्राप्तच होते; त्याचे उत्तर १३४३ मध्ये सहाव्या क्लेमेंटने आपल्या फर्मानात दिले. ख्रिस्ताचे आणि संतांचे अपार पुण्य हे चर्चकडे ठेव म्हणून सोपविलेले भांडार असून पेत्राचा वारस या नात्याने पोप त्यातून वाटप करू शकतो, हा तो सिद्धांत. प्रथम वहिवाट पडली, आणि तिला आधार देणारे तत्त्व तिच्यामागून आले, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

शेवटचा धागा १४७६ मध्ये जोडला गेला. फ्रान्समधील सेंत येथील चर्चच्या दुरुस्तीसाठी द्रव्य हवे असताना चौथ्या सिक्स्टस पोपाने मृतांच्या वतीनेही क्षमापत्र घेण्याची मुभा दिली. शुद्धिस्थानात यातना भोगणाऱ्या आईबापांची सुटका जिवंत मुलांच्या कनवटीवर येऊन ठेपली. या एका कलमाने जितका पैसा उभा केला तितका आधीच्या सर्व कलमांनी मिळून केला नसावा. स्वतःच्या पापाविषयी माणूस निष्काळजी राहू शकतो. आई जळते आहे असे व्यासपीठावरून ऐकल्यावर मात्र खिशात हात न घालणारा विरळा.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की, शास्त्रीय परिभाषेत क्षमापत्राने पापाचा दोष जात नसे. दोषाची क्षमा देवाची आणि ती पश्चात्तापाने व पापनिवेदनाने मिळावयाची. मागे उरते ती ऐहिक शिक्षा, जी व्रतोपवासांनी इथे किंवा मरणानंतर शुद्धिस्थानात फेडावयाची, आणि माफी होते ती एवढ्याच शिक्षेची. विद्यापीठांतील पंडितांना हा भेद स्वच्छ होता. बाजारातल्या घोंगडीवाल्याला तो कळावा अशी कोणाची इच्छा होती, असे मात्र कागदपत्रांवरून दिसत नाही.

ज्या प्रकरणाने स्फोट झाला, त्याचा जमाखर्च पाहण्यासारखा आहे. ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्यातील आल्ब्रेख्त हा तरुण १५१३ मध्ये माग्देबुर्गचा आर्चबिशप आणि हाल्बरश्टाटचा कारभारी झाला होता; १५१४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याची माइन्झच्या गादीवरही निवड झाली, आणि ही गादी म्हणजे सम्राट निवडणाऱ्या सात मतदारांपैकी एकाची. धर्मकायद्याने एकाने इतकी पदे धारण करणे निषिद्ध होते आणि त्याचे वयही भरत नव्हते. शिवाय प्रत्येक नव्या आर्चबिशपाने आपल्या पदाच्या वस्त्रासाठी रोमला जबर नजराणा भरावयाचा, आणि माइन्झमध्ये तर दहा वर्षांत तीन आर्चबिशप निवर्तल्यामुळे तिजोरीत खडखडाट होता. नजराणा आपण पदरचा भरू, या आश्वासनावरच आल्ब्रेख्तची निवड झाली होती. नियम शिथिल करण्याबद्दल म्हणून आणखी दहा हजार डुकाट ठरले. हा सारा पैसा आउग्सबुर्गच्या याकोब फुगर या सावकाराने पुढे केला. कर्जफेडीची तजवीज दहाव्या लिओ पोपाच्या १५१५ च्या फर्मानाने झाली. रोममध्ये सेंट पीटरचे भव्य मंदिर उभे राहत होते. त्यासाठी आल्ब्रेख्तच्या मुलखात आठ वर्षे क्षमापत्रे विकावयाची, वसुलीचा निम्मा भाग मंदिराला आणि निम्मा आल्ब्रेख्तकडे, म्हणजे पर्यायाने फुगरकडे जावयाचा. मंदिराचे नाव लोकांना सांगितले जाई. कर्जरोख्याचे कोणी सांगत नसे.

वसुलीसाठी आल्ब्रेख्तच्या नावाने निघालेल्या सूचना आज वाचावयास मिळतात, आणि महसुली जमाबंदीची ज्यांना ओळख आहे त्यांना त्यातील व्यवस्थेचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. राजे, राण्या, बिशप यांना पंचवीस ऱ्हेनिश सुवर्णमोहरा, बेताच्या उत्पन्नाच्या व्यापाऱ्यास तीन, कारागिरास एक, त्याहून लहानास अर्धी, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने प्रार्थना व उपास करावेत, कारण स्वर्गाचे राज्य श्रीमंतांइतकेच गरिबांनाही खुले असले पाहिजे. यानंतरचे कलम अधिक बोलके आहे. मृतासाठी क्षमापत्र घेणाऱ्याने स्वतः पश्चात्ताप केलाच पाहिजे किंवा पापनिवेदन केलेच पाहिजे असे नाही; पेटीत रक्कम पडली म्हणजे पुरे. योहान टेट्झेल या डॉमिनिकन साधूकडे हे काम होते आणि तो त्यात मुरलेला होता. तो गावात शिरे तेव्हा घंटा वाजत, पुरोहित, नगरशेठ, शाळेतली मुले मेणबत्त्या व निशाणे घेऊन सामोरी जात, पोपचे फर्मान मखमलीच्या गादीवरून मिरवीत, आणि चर्चच्या मध्यभागी तांबडा क्रूस उभारून त्याजवळ पेटी ठेवीत. फुगरचा माणूस हिशेबाला हजर असे आणि पेटीची एक किल्ली त्याच्याजवळ असे. युटरबोग येथील सेंट निकोलसच्या चर्चमध्ये टेट्झेलची म्हणून अशी एक पेटी आजही दाखवतात.

युटरबोग विटेनबेर्गच्या सरहद्दीपलीकडचे गाव. सॅक्सनीचा शासक फ्रेडरिक याने टेट्झेलला आपल्या हद्दीत मज्जाव केला होता, परंतु त्याचे कारण तात्त्विक नव्हते. विटेनबेर्गच्या किल्ल्यातील चर्चमध्ये त्याने स्वतः संतांच्या अवशेषांचा अफाट संग्रह केला होता, १५०९ मध्येच त्याची चित्रकार क्रानाखच्या चित्रांसह यादी छापली होती, आणि सर्व संतांच्या दिवशी त्यांच्या दर्शनाला येणारांना तेथेही माफी मिळत असे. आपल्या पेठेतला पैसा शेजारच्या पेठेत का जावा, एवढाच त्याचा विचार. विटेनबेर्गची माणसे मात्र हद्द ओलांडून क्षमापत्रे आणू लागली आणि आता आम्हांला पाप सोडण्याची गरज नाही, असे आपल्या धर्मगुरूला सांगू लागली. तो धर्मगुरू म्हणजे विद्यापीठात बायबल शिकवणारा मार्टिन लूथर. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने आल्ब्रेख्तला पत्र लिहिले आणि सोबत पंचाण्णव मुद्दे धाडले. ते त्याने चर्चच्या दाराला ठोकले की नाही, याविषयी विद्वानांत वाद आहे. पत्राविषयी नाही, ते स्टॉकहोमच्या दफ्तरखान्यात जपलेले आहे.

हे मुद्दे मुळातून वाचणारास प्रथम त्यांच्या मवाळपणाचेच नवल वाटते. लूथरने त्यांत शुद्धिस्थान नाकारलेले नाही, पोपचा अधिकारही नाकारलेला नाही. त्याचा सर्वांत धारदार विचार दानाविषयीचा आहे. भिकाऱ्याला डावलून जो क्षमापत्र घेतो तो देवाचा कोप विकत घेतो, आणि ज्याच्या घरी जेमतेम पुरेल इतकेच आहे त्याने ते घरासाठी राखावे, असा त्याचा आशय. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात ख्रिस्ताने परूश्यांना फटकारले आहे ते नेमके याचसाठी: आईबापांना पोसण्यासाठी असलेले धन मंदिराला अर्पण केले म्हणून सांगून मुलाने मोकळे व्हावे, अशी त्यांची परंपरा होती, आणि मनुष्यांच्या या परंपरेसाठी देवाची आज्ञा रद्द होत होती. माझ्या मते या साऱ्या वादात शास्त्र आणि मानवी मत यांमधला भेद ओळखण्याची याहून खरी कसोटी कोणी पुढे मांडली नाही. दुर्दैव इतकेच की वाद या कसोटीवर फार काळ टिकला नाही.

तो सरकला अधिकारावर. पोपच्या दरबारातील प्रिएरियास याने १५१८ मध्ये उत्तर दिले की, रोमचे चर्च जे करते ते चूक म्हणणारा पाखंडी होय. त्याच वर्षी आउग्सबुर्गला कार्डिनल कायेतानने क्लेमेंटचे ते भांडाराचे फर्मान लूथरसमोर ठेवले, आणि लूथरने त्याला शास्त्राधार नाही असे सांगून ते बाजूस सारले. १५१९ च्या लाइप्झिगच्या वादसभेत रोमच्या बाजूने बोलणाऱ्या योहान एक या पंडिताने शास्त्राधारच दाखवला. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदाने रणांगणावर पडलेल्या सैनिकांच्या पापांसाठी दोन हजार चांदीची नाणी जेरुसलेमला पाठवल्याची हकिकत आहे. मृतांसाठी पैसा देण्याला याहून स्पष्ट दाखला तो कोणता? लूथर म्हणाला, ते पुस्तक प्रमाण शास्त्रात मोडत नाही. म्हणजे शास्त्रात काय आहे या प्रश्नाआधी शास्त्र कोणते, आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर कोणत्याही पोथीच्या आत लिहिलेले नव्हते. डिसेंबर १५२० मध्ये लूथरने आपल्याविरुद्ध निघालेले पोपचे फर्मान जाळले; पुढच्या एप्रिलमध्ये वर्म्स येथे सम्राटाच्या दरबारात माघार घेण्याचे नाकारले. त्यापूर्वीच टेट्झेल लाइप्झिगमध्ये मरण पावला होता. तो आजारी असता लूथरने त्याला धीर देणारे पत्र लिहिले होते, हे त्या दोघांच्याही बाजूने नमूद करणे योग्य होईल.

रोमने आपले घर झाडले, पण आपल्या पद्धतीने. ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये मक्काबींची पुस्तके प्रमाण ठरवली आणि प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेस शास्त्राइतकाच मान दिला. १५६३ मध्ये क्षमापत्रांतून होणारी गैरकमाई निषिद्ध केली, आणि १५६७ मध्ये पाचव्या पायस पोपाने पैशाच्या बदल्यात माफी देण्याचे सर्व अधिकार रद्द केले. सिद्धांत राहिला, पेटी गेली. दिवसांच्या आणि वर्षांच्या मोजमापाने माफी देण्याची पद्धत तर १९६७ मध्ये सहाव्या पॉल पोपाने मोडली.

केवळ शास्त्र मानणाऱ्यांना तरी मनुष्यकृत मतांवाचून चालले काय? १५३० मध्ये आउग्सबुर्गला त्यांनी आपला विश्वासांगिकार सम्राटापुढे सादर केला, आणि त्याचा अर्थ काय यावरून लूथरच्या मृत्यूनंतर त्याच्याच शिष्यांत तीस वर्षे हमरीतुमरी चालली. अखेर त्यांच्या शास्त्री मंडळींनी नवी कलमे लिहिली, सुमारे आठ हजार धर्मोपदेशकांनी व शिक्षकांनी त्यांवर सह्या केल्या, आणि २५ जून १५८० रोजी ड्रेस्डेन येथे हा सारा संग्रह ग्रंथरूपाने जाहीर झाला. ज्यांनी सही देण्याचे नाकारले त्यांच्यापैकी काहींना आपल्या नोकऱ्यांस मुकावे लागले.