घासलेले अलॉय व्हील घरी दुरुस्त करता येते. पण रंगाखाली तडा झाकू नका

बेळगाव : पावसाळा संपला, की चोर्ला घाटातून गोव्याला ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या चाकांकडे एकदा वाकून पाहावे. कडा घासलेल्या, रंगाचे पोपडे निघालेले, एखादी रिम खड्ड्यात आपटून आत दबलेली. चारही अलॉय व्हील नवीन घ्यायची म्हटली तर खिशाला कात्री लागते. म्हणूनच अनेक वाहनधारक पॉलिश पेपर आणि स्प्रेचा डबा आणून सुट्टीच्या दिवशी घरीच काम उरकतात. वरवरच्या दुरुस्तीसाठी हा मार्ग चांगला आहे. मात्र घरच्या कामाची हद्द कुठे संपते, हे आधी कळले पाहिजे.

अलॉय म्हणजे काय?

गाड्यांची बहुतेक अलॉय व्हील अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव असतात. त्यात सुमारे 7 टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम असते. ओतल्यानंतर चाक साधारण 540 अंश सेल्सिअसला तापवतात, पाण्यात थंड करतात आणि पुन्हा कमी तापमानाला काही तास ठेवतात. चाकाची ताकद या उष्णता प्रक्रियेतून येते. लोखंडी रिम आपटली तर बहुधा वाकते. ओतीव अलॉय वाकण्याऐवजी तडकूही शकते.

मोठी रिम आणि पातळ टायर यामुळेही मार वाढतो. 185/65 आर 15 टायरची बाजूची भिंत सुमारे 120 मिलिमीटर असते, तर 195/55 आर 16 ची सुमारे 107 मिलिमीटर. खड्ड्याचा दणका शोषायला तेवढे रबर कमी, म्हणून तो थेट रिमला बसतो.

आधी निदान, मग रंग

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, दुसऱ्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. नट थोडे सैल करून मगच जॅक चढवावा. चाक काढल्यावर गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, खाली स्टँड द्यावा. चाक शाम्पूच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावे. पटकन साफ होते म्हणून कॉस्टिक सोडा किंवा टॉयलेट क्लीनर वापरू नये. दोन्ही अ‍ॅल्युमिनियम खातात.

चाक कोरडे झाले की बॅटरीच्या उजेडात आतली बाजू पाहावी. खड्ड्याचा तडा बऱ्याचदा आतल्या कडेला असतो, गाडीत बसवलेल्या चाकावर तो दिसतच नाही. खालील खुणा दिसल्या तर घरचे काम तिथेच थांबवावे :

- कडेपासून आत जाणारी किंवा आऱ्याच्या मुळाशी असलेली केसासारखी रेघ
- हवा भरलेल्या चाकावर साबणाचे पाणी टाकल्यावर रिमच्या कडेला येणारे बुडबुडे
- चाक फिरवल्यावर डोळ्यांना दिसणारा लचका
- बॅलन्सिंग करूनही 80 ते 100 च्या वेगाला स्टिअरिंगला येणारा थरथराट
- नटच्या भोकाभोवती झिजलेली किंवा फाटलेली धातू

रेघ ओरखड्याची की तड्याची, अशी शंका आली तर डाय पेनिट्रंट तपासणी करून घ्यावी. आधी साफ केलेल्या धातूवर लाल रंगाचा द्रव मारतात, तो पुसून पांढरा डेव्हलपर मारतात. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. फाउंड्री आणि वेल्डिंगच्या व्यवसायात ही पद्धत सर्रास वापरली जाते. बेळगावसारख्या फाउंड्रीच्या गावात ती करून देणारा शोधायला फार फिरावे लागू नये.

घासलेल्या कडेची दुरुस्ती

टायर उतरवून काम केले तर उत्तम. नाही तर टायरची थोडी हवा सोडून रिम आणि रबर यांच्या फटीत जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे किंवा पत्ते खोचून घ्यावेत, रंग टायरवर जात नाही.

1. वॅक्स आणि ग्रीस काढणाऱ्या द्रवाने भाग पुसावा. आधी घासले तर तेलकटपणा धातूत मुरतो आणि पुढे रंग सुटतो.

2. वर आलेले टोकदार भाग 120 किंवा 180 नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करावेत, नंतर 240 आणि 320. आजूबाजूचा चांगला रंग उतरता घासावा, म्हणजे नव्या-जुन्याची पायरी दिसत नाही. धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावावा.

3. उरलेल्या खाचेत अ‍ॅल्युमिनियमवर चालणारी, हार्डनर मिसळायची लांबी भरावी. थर पातळ ठेवावा. लांबी फक्त दिसण्यासाठी असते, तिला ताकद नसते. टायर जिथे बसतो त्या पट्टीवर ती मुळीच भरू नये.

4. सुकल्यावर 320 आणि शेवटी 400 ने घासावे. डोळे मिटून बोट फिरवावे; डोळ्याला न दिसणारी पायरी बोटाला कळते.

5. प्रायमर टाळू नये. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर येतो, त्यावर साधा रंग टिकत नाही. एच प्रायमर आम्लधर्मी असतो, तो पॉलिस्टर लांबीवर मारत नाहीत. लांबी भरली असेल तर इपॉक्सी प्रायमर बरा. सुकल्यावर 600 च्या वॉटर पेपरने हलके घासावे.

6. रंगाचे तीन पातळ हात द्यावेत. दोन हातांमध्ये साधारण 10 ते 15 मिनिटे किंवा डब्यावर लिहिले असेल तितका वेळ थांबावे. एकाच हातात झाकायला गेले की रंग ओघळतो.

7. त्यावर क्लिअर कोटचे दोन-तीन हात द्यावेत. चाक निदान 24 तास सुकू द्यावे आणि पुढचा आठवडाभर प्रेशर वॉशरखाली नेऊ नये.

काम पावसाळ्यात करू नये. दमट हवेत क्लिअर कोट दुधासारखा पांढरट पडतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा आणि सावलीची, वारा खेळती जागा सर्वांत चांगली. हार्डनरवाल्या टू-के क्लिअरमध्ये आयसोसायनेट असते, ते फुप्फुसांना घातक आहे. साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही. तो कोट पेंट बूथमध्येच मारून घ्यावा.

रंग कुठे लावायचा नाही

चाक हबला जिथे टेकते ती मागची बाजू आणि नट बसतो ती खाच, या दोन जागा टेपने झाकाव्यात. तिथला रंगाचा थर चालत्या गाडीत दबतो आणि नटचा आवळ सैल पडतो. चकाचक चाक निखळण्याची सुरुवात इथून होऊ शकते.

डायमंड कट आणि किनारपट्टी

पुढचा भाग आरशासारखा आणि त्यावर बारीक गोल रेषा असतील तर ते डायमंड कट व्हील. तो चेहरा सीएनसी लेथवर कापलेला असतो, पेपरने तसा येत नाही. प्रत्येक कापणीत धातू कमी होते, त्यामुळे हे कितीही वेळा करता येत नाही. गोव्याच्या खाऱ्या हवेत अशा चाकांवर क्लिअर कोटखाली अळीसारख्या पांढऱ्या रेघा पसरतात. तो गंज आहे. वरून नवा कोट मारला तर आत तो वाढतच राहतो. कोट काढून धातू साफ करावी लागते.

‘वेल्डिंग मारून देतो, काही होत नाही’

रस्त्याकडेच्या दुकानात हे वाक्य हमखास ऐकू येते. गॅसच्या आचेवर रिम तापवून हातोड्याने सरळ केली किंवा तड्यावर वेल्डिंग मारले, की कारखान्यात दिलेली उष्णता प्रक्रिया त्या जागी बिघडते. धातू तिथे मऊ पडते आणि पुन्हा तडकण्याचा धोका राहतो. वरून रंग मारल्यावर मात्र चाक नव्यासारखे दिसते. आरा किंवा नटच्या भोकाजवळ तडा असेल तर चाक बदलावेच. जुने अलॉय विकत घेणाऱ्यांनीही ताज्या रंगाला भुलू नये, आतली बाजू आधी पाहावी.

पावडर कोटिंग टिकाऊ असते. ते साधारण 180 ते 200 अंशांवर भाजले जाते. ग्रिल आणि फर्निचरचे काम करणाऱ्या दुकानात चाक देताना तापमान आणि वेळ आधी विचारावी, टायर, व्हॉल्व्ह आणि असल्यास हवेचा सेन्सर काढून घ्यावा.

चाक परत बसवताना

नट एकाआड एक, समोरासमोर आवळावेत. किती आवळायचे हे गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन मीटरमध्ये दिलेले असते. पाईप लावून वर उभे राहणे हे मोजमाप नव्हे. 50 ते 100 किलोमीटर चालवून आवळ पुन्हा तपासावा. टायर उतरवला असेल तर बॅलन्सिंग करून घ्यावे.

हिशेब

पेपर, लांबी, प्रायमर, रंग, क्लिअर हे सगळे एकाच चाकासाठी घेतले तर महाग पडते, चारही चाकांत वाटले तर परवडते. पण हा हिशेब ओरखड्यांपुरता. तडा गेलेले चाक दुरुस्तीच्या रकान्यात धरू नये, ते बदलण्याच्याच रकान्यात जाते. पुढच्या घाटात त्याच चाकावर घरची माणसे बसलेली असतात.