न्याहारीतले सहा ग्रॅम

"लो-कार्ब" हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर जिमवाली मंडळी येतात. सकाळी चार अंडी, पोळीकडे बघायचंसुद्धा नाही, आणि जो भेटेल त्याला प्रवचन! मलाही हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं खूळ वाटायचं. पण गेले दोन वीकेंड या विषयावर वाचत बसलो आणि लक्षात आलं की डायबिटीस असलेल्या माणसाने न्याहारीला काय खावं, हे भांडण चांगलं सव्वादोनशे वर्षं जुनं आहे. आणि त्यातला सगळ्यात इंटरेस्टिंग माणूस डॉक्टर नव्हता, इंजिनियर होता. (निदान सुरुवातीला तरी.)

पण त्याच्याकडे जरा दमाने येऊ.

आजार आपल्याकडे जुनाच. 'मधुमेह' या शब्दातच निदान आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्याला जवाचे पदार्थ सांगितले आहेत, म्हणजे धान्य बदलून बघण्याची कल्पनाही जुनी. युरोपात १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज डॉक्टरने रुग्णाची लघवी आटवली आणि खाली राहिलेली पांढरी भुकटी म्हणजे साखर आहे असं दाखवून दिलं. त्यानंतर वीस वर्षांनी जॉन रोलो नावाच्या लष्करी सर्जनकडे कॅप्टन मेरेडिथ नावाचा तोफखान्यातला अधिकारी आला. रोलोने पाहिलं की धान्य आणि भाज्या खाल्ल्या की लघवीतली साखर वाढते, मांसाने वाढत नाही. १७९७ मध्ये त्याने यावर पुस्तकच लिहिलं.

त्यातला आहार वाचण्यासारखा आहे. दुपारी रक्त आणि चरबीचं पुडिंग, जेवायला जुनं, खवट होत आलेलं मांस... आणि सकाळी? दूध, त्यात चुन्याची निवळी, आणि सोबत ब्रेड-बटर! म्हणजे दिवसभर इतकं कडक पथ्य, आणि न्याहारीला ब्रेड तसाच. सकाळच्या ब्रेडला हात लावणं त्या काळीही अवघड असावं, असा माझा अंदाज. मेरेडिथ सुधारला. पुस्तकातला दुसरा रुग्ण पथ्य मोडत राहिला, त्याला तितका गुण आला नाही. ही कथा ओळखीची वाटते ना?

पुढे फ्रान्समध्ये बुशार्दा नावाचा डॉक्टर झाला. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, शहरात अन्नाची टंचाई झाली, आणि त्याला दिसलं की त्याच्या काही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली. उपासमारीतून निघालेला निष्कर्ष! कमी खा, हिरव्या भाज्या खा, व्यायाम करा असं तो सांगायचा. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की रुग्णांनी आपली लघवी स्वतः तपासावी असा त्याचा आग्रह होता.

मग १९०२ च्या सुमारास जर्मनीत फॉन नूर्डन याने बरोबर उलटं टोक गाठलं. त्याचा 'ओट्सचा उपचार' म्हणजे रोज साधारण पाव किलो ओट्स आणि तितकंच लोणी. काही रुग्णांना त्याने बरं वाटलंही. आज सुपरमार्केटमध्ये 'डायबिटीससाठी उत्तम' म्हणून ओट्सचा डबा उचलताना हे आठवायला हरकत नाही.

आणि शेवटी अमेरिकेतला फ्रेडरिक अ‍ॅलन. साखर दिसेनाशी होईपर्यंत उपास, मग तोलून-मापून थोडंसं अन्न. एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी अकराव्या वर्षी आजारी पडली आणि अ‍ॅलनच्या उपचाराखाली तीन वर्षं तगली. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती टोरांटोला बँटिंगकडे पोचली तेव्हा तिचं वजन वीस किलोच्या आसपास होतं, आणि ती पंधरा वर्षांची होत होती. इन्सुलिन मिळालं, आणि ती १९८१ पर्यंत जगली. अ‍ॅलनला आज क्रूर म्हणणं सोपं आहे. पण त्या उपाशी तीन वर्षांनीच तिला इन्सुलिनपर्यंत पोचवलं, हेही खरं.

इन्सुलिन आल्यावर साहजिकच सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हळूहळू पथ्यं सैल झाली. पुढे हृदयविकाराची भीती आली, चरबी खलनायक ठरली, आणि १९७० च्या दशकात डायबिटीसवाल्यांनाही कर्बोदकं भरपूर, चरबी कमी असा सल्ला मिळू लागला.

आता आपला इंजिनियर. रिचर्ड बर्नस्टीन, न्यूयॉर्कचा. १९४६ मध्ये बाराव्या वर्षी टाइप वन डायबिटीस झाला. सांगितलेलं पथ्य इमानदारीत पाळलं, तरी पस्तिशीपर्यंत किडनीची लक्षणं दिसू लागली. १९६९ मध्ये प्रयोगशाळेच्या सामानाच्या एका मासिकात त्याने एक जाहिरात पाहिली. एका थेंबात रक्तातली साखर सांगणारं यंत्र! वजन सुमारे दीड किलो, किंमत ६५० डॉलर. रात्री लॅब बंद असताना बेशुद्ध आलेला माणूस दारू प्यायलाय की डायबिटीसचा रुग्ण आहे, हे इस्पितळांना कळावं म्हणून ते बनवलं होतं. पण यंत्र फक्त डॉक्टरांना मिळायचं, रुग्णाला नाही. म्हणजे ज्याच्या रक्तातली साखर मोजायची त्यालाच ते विकत घ्यायला बंदी! बर्नस्टीनची बायको डॉक्टर होती. तिच्या नावाने ऑर्डर गेली.

मग त्याने तेच केलं जे आपण सर्व्हर गंडल्यावर करतो. लॉग काढले. दिवसातून पाच-पाच वेळा साखर मोजली, आणि दिसलं की ती एकाच दिवसात ४० च्या खाली आणि ४०० च्या वर जातेय. इन्सुलिनचे डोस बदलून बघितले, पुरेसा फरक पडेना. अन्नातली कर्बोदकं कमी केली तेव्हा ग्राफ सपाट झाला.

त्याचं लॉजिक कुठल्याही इंजिनियरला आवडेल. तो म्हणायचा, अन्नातल्या कर्बोदकांचा अंदाज वीस टक्क्यांनी इकडे-तिकडे होणारच, पाकिटावरचं लेबलसुद्धा तितकं चुकू शकतं. न्याहारीला ६० ग्रॅम खाल्ले तर चूक १२ ग्रॅमची. त्याच्या हिशोबाने साधारण ६४ किलोच्या टाइप वन माणसात एक ग्रॅम कर्बोदक साखर ५ अंकांनी वाढवतं, म्हणजे अंदाज ६० अंकांनी हुकला. तेच ६ ग्रॅम खाल्ले तर चूक सव्वा ग्रॅमची, फरक ६ अंकांचा. इनपुट छोटं, तर एरर छोटी. बस्स.

म्हणून त्याचा नियम: न्याहारीला ६ ग्रॅम, दुपारी १२, रात्री १२. सकाळीच सगळ्यात कमी का? कारण पहाटे शरीरात काही हॉर्मोन्स वाढतात, लिव्हर साखर सोडतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. याला 'डॉन फिनॉमिनन' म्हणतात. म्हणजे आपण सगळ्यात जास्त कर्बोदकं नेमकी अशा वेळी खातो, जेव्हा शरीर त्यासाठी सगळ्यात कमी तयार असतं.

त्याने हे लिहून वैद्यकीय नियतकालिकांना पाठवलं. साभार परत! शेवटी गड्याने १९७९ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९८३ मध्ये डॉक्टर झाला. एप्रिल २०२५ मध्ये तो गेला तेव्हा नव्वद वर्षांचा होता.

त्याचं सगळंच सिद्ध झालं का? नाही. साखर काटेकोर ठेवल्याने डोळे, किडनी वाचतात हे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने टाइप वनच्या १,४४१ रुग्णांवर दाखवलं, पण तो इन्सुलिनवरचा अभ्यास होता, न्याहारीवरचा नव्हे. न्याहारीवरचा म्हणाल तर २०१९ मध्ये कॅनडात टाइप टूच्या २३ जणांना एक दिवस ऑम्लेट, एक दिवस ओट्स आणि फळं दिली. दुपारचं, रात्रीचं जेवण तेच. फक्त न्याहारी बदलल्याने पूर्ण चोवीस तासांतले साखरेचे चढउतार कमी झाले. पुढे २०२३ मध्ये १२१ जणांवर तीन महिने असाच प्रयोग झाला, तेव्हा एचबीए१सीमधला फरक मात्र किरकोळ निघाला. म्हणजे उपयोग आहे, चमत्कार नाही.

हे सगळं आपल्या ताटात आणून बघा. आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात १० कोटींवर लोकांना डायबिटीस आहे. २०२५ मध्ये त्याच अभ्यासगटाने सांगितलं की आपल्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. आमच्या घरीही बाबांना टाइप टू आहे, आणि आमची न्याहारी म्हणजे पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी. ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांत साधारण ४५ ग्रॅम कर्बोदकं. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याऐवजी दोन अंड्यांची कांदा घालून भुर्जी तीन-चार ग्रॅममध्ये बसते. पनीरची भुर्जीही तशीच, कांदा-टोमॅटोवर अवलंबून. मुठभर शेंगदाणे आणि काकडी चालते. मुगाच्या डाळीचं धिरडं बर्नस्टीनच्या सहा ग्रॅमात मुळीच बसणार नाही, पण ४० ग्रॅम डाळीत कर्बोदकं पोह्यांच्या जवळपास निम्मी, शिवाय दहाएक ग्रॅम प्रोटीन.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर न्याहारी एकदम बदलू नका. अन्न कमी आणि डोस तोच, म्हणजे साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला, डोस बदलावा लागेल.

आणि मग मोजा. खाण्याआधी एकदा, दोन तासांनी एकदा. ज्या यंत्रासाठी एका माणसाला बायकोचं नाव वापरावं लागलं, ते आज कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं. पोहे वाईट की धिरडं चांगलं यावर घरात वाद घालण्यापेक्षा चार सकाळी पोहे, चार सकाळी धिरडं, आणि आकडे वहीत. तुमच्या शरीराचा लॉग दुसऱ्या कोणाकडे नाही.

असो. लेख फारच लांबला. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं!