बुरशीचे औषध आणि दमा

धान्यावर धरलेली बुरशी आपण झटकून टाकतो. तिच्या बीजाणूंनी कित्येकांना दम्याची उबळही येते. जपानच्या सांक्यो कंपनीतील अकिरा एंदो यांनी मात्र १९७१ पासून सुमारे ६,००० बुरश्या तपासल्या. क्योतोच्या एका दुकानातील तांदळावर वाढलेल्या बुरशीतून १९७३ मध्ये त्यांनी एक द्रव्य वेगळे काढले. यकृतात कोलेस्टेरॉल घडविणाऱ्या विकराला ते अडविते. स्टॅटिन औषधांचा हा आरंभ होय.

याच विकराच्या वाटेने शरीर इतरही रेणू घडविते आणि दाह माजविणाऱ्या पेशींना त्यांची गरज असते. मग ही वाट अडविली, तर ॲलर्जीचा दमाही आवरेल काय? २००४ साली ग्लासगोच्या संशोधकांनी असा दमा जडविलेल्या उंदरांना सिम्व्हास्टॅटिन दिले, तेव्हा फुप्फुसांतील दाह ओसरला. आशा बळावली. परंतु २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दमेकऱ्यांना तसा गुण आला नाही.

श्रोतेहो, तर्क निर्दोष होता, उंदरांनीही त्याला दुजोरा दिला. तरी अखेरचा निवाडा रुग्णाच्या श्वासानेच केला. म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, एवढ्यावर विसंबून दमेकऱ्याने श्वासावाटे घ्यावयाचे आपले नेहमीचे औषध सोडू नये.