'मूतखड्यावर' लिहिले तर 'मूतखडा' सापडेल का?

चुडाव्याहून पूर्णा किंवा नांदेडला दाखवायला निघण्याआधी हल्ली बरेचजण आपला त्रास मोबाईलवर शोधून बघतात. समोर येणारी यादी लावण्यामागे एक आख्खी संशोधनशाखा आहे, इन्फर्मेशन रिट्रीव्हल: साठवलेल्या मजकुरातून हवे ते काढून देण्याचे शास्त्र.

आम्हा डॉक्टरांची ही अडचण जुनीच. जॉन शॉ बिलिंग्ज या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी १८७९ मध्ये 'इंडेक्स मेडिकस' ही वैद्यकीय लेखांची सूची सुरू केली. १९६४ मध्ये ते काम संगणकावर गेले आणि १९९७ पासून 'पबमेड' सर्वांना मोफत झाले.

पण शोध चांगला की वाईट, हे मोजायचे कसे? १९६० च्या दशकात इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी १,४०० लेख आणि २२५ प्रश्न घेतले. कोणत्या प्रश्नाला कोणता लेख लागू पडतो, हे माणसांकडून ठरवून घेतले आणि त्यावर शोधाच्या निरनिराळ्या पद्धती तपासल्या. औषधांची चाचणी घेतात ना, साधारण तसेच. पुढे १९७२ मध्ये कॅरन स्पार्क जोन्स यांनी दाखवले की क्वचित येणाऱ्या शब्दाला जास्त वजन द्यावे. 'मूतखड्यावर उपचार' यात 'उपचार' हा शब्द हजारो पानांवर असतो. खरी खूण मूतखड्याचीच.

मात्र मराठीत नेमका तोच शब्द रूप बदलतो. मूतखडा, मूतखड्याने, मूतखड्यावर: आपल्याला एकच, यंत्राला तीन वेगळे शब्द! २००८ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने 'फायर' हा उपक्रम सुरू झाला. त्यात हिंदी, बंगालीसोबत मराठीचीही क्रॅनफिल्डसारखी परीक्षा झाली. त्यासाठी 'महाराष्ट्र टाइम्स' आणि 'सकाळ'मधल्या सुमारे ९९ हजार बातम्या घेतल्या होत्या. शब्दाचे प्रत्यय काढून मूळ रूपावर शोध घेतला, तर मराठीत निकाल सुधारतो, हे या मजकुरावर केलेल्या प्रयोगांत दिसले. इंग्रजीसाठी असे काम कितीतरी आधी झाले होते. आपली भाषा या रांगेत फार उशिरा उभी राहिली, असे मला वाटते.

आता रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाचे. क्रॅनफिल्डपासून या परीक्षांत मुख्यतः एकच विचारले गेले: मजकूर प्रश्नाला लागू पडतो का? तो खरा आहे का, हा प्रश्न वेगळा. मूतखडा विरघळवणाऱ्या काढ्याची जाहिरातसुद्धा विषयाला धरूनच असते, त्यामुळे ती वर येऊ शकते. मूतखड्याच्या दुखण्यात थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर यादी वाचत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.