दात खरा, जोड खोटी

आमची शाहूपुरी पडली व्यापारी पेठ. माल पारखून घ्यावा, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. पण माझ्या भाच्याने विकत आणलेला मोसासॉर या प्रचंड सागरी सरड्याचा अश्मीभूत दात पारखावा कसा?

कोल्हापूरच्या भूमीत तो मिळायचा नाही. आपला काळा पाषाण लाव्ह्याचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा वाहत होता, त्याच सुमारास मोसासॉर नामशेष झाले. बाजारातले बहुतेक दात येतात मोरोक्कोतल्या फॉस्फेटच्या खाणींतून. तिथे दात उदंड. म्हणून लबाडी दातात थोडी, जोडकामात फार. एकाचा दात, दुसऱ्याचे मूळ, भोवती वाळू आणि डिंकाचा दगड! भिंगातून सांध्याची रेघ किंवा हवेचे बुडबुडे दिसले, की समजावे. आमच्या दाताचे मूळ असेच चिकटवलेले निघाले.

वाचकहो, भिंग मोठमोठ्या पंडितांजवळही होते. १९१२ साली इंग्लंडात पिल्टडाऊनचा ‘आदिमानव’ गाजला. त्याचा जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले. ओरखडे भिंगातून दिसण्याजोगे होते. तरी बिंग फुटायला १९५३ साल उजाडले. हवे ते सापडले, की माणूस निरखून पाहत नाही. म्हणून वस्तू पारखण्याआधी आपला मोह पारखावा.