अकाली रजोनिवृत्तीची ओळख : एका लक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

स्त्रीची मासिक पाळी वयाच्या ४० वर्षांपूर्वी कायमची थांबली तर वैद्यकशास्त्र त्यास 'अकाली रजोनिवृत्ती' असे म्हणते. ४० ते ४५ या वयात ती थांबल्यास 'लवकर आलेली रजोनिवृत्ती' असे संबोधण्यात येते. ही वयोमर्यादा आज सर्वमान्य असली तरी तिच्यामागे मोठा इतिहास आहे. या अवस्थेची लक्षणे स्त्रियांच्या अनुभवात पूर्वीपासून होती. परंतु ती ओळखण्याचे निकष वेळोवेळी बदलत गेले. या सर्व बदलांत पाळी थांबणे या एकाच खुणेस अवाजवी महत्त्व मिळत गेले व त्याची किंमत ज्यांच्या शरीरातून ती खूणच नाहीशी करण्यात आली अशा स्त्रियांना मोजावी लागली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्राचीन नोंदी

सुश्रुतसंहितेत रजःप्रवृत्तीचा काळ १२ व्या वर्षापासून ५० व्या वर्षापर्यंत सांगितला आहे. ५० व्या वर्षी होणारी निवृत्ती ही जरेने पक्व झालेल्या शरीराची स्वाभाविक स्थिती मानली गेली. त्याच संहितेत अन्यत्र 'आर्तवक्षय' वर्णिला आहे. योग्य काळी रज न दिसणे, ते अल्प असणे आणि योनीच्या ठिकाणी वेदना होणे ही त्याची लक्षणे होत. म्हणजे वयपरत्वे येणारी निवृत्ती आणि अवेळी होणारा क्षय यांची गणना ग्रंथकाराने वेगवेगळ्या ठिकाणी केली आहे. मात्र या आर्तवक्षयास आजच्या अकाली रजोनिवृत्तीचा समानार्थी शब्द ठरविण्याचा मोह टाळावयास हवा. पाळी अल्प वा अनियमित होण्याची इतर अनेक कारणे त्या एका संज्ञेत सामावलेली आहेत.

युरोपात या अवस्थेला स्वतंत्र नाव मिळाले ते शार्ल द गार्दान या फ्रेंच वैद्याकडून. त्याने १८१६ मध्ये घडविलेला शब्द १८२१ मध्ये सुटसुटीत करून 'मेनोपॉज' असा रूढ केला. लंडनचे डॉ. एडवर्ड टिल्ट यांच्या १८५७ च्या ग्रंथात अंगातून उठणाऱ्या गरम वाफा, घाम, निद्रानाश, चिडचिड अशा तक्रारींची लांबलचक जंत्री आढळते. तथापि, या तक्रारींचे मूळ कोठे आहे हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. मज्जासंस्था, गर्भाशय, साचलेले रक्त असे तर्क चालू होते.

शस्त्रक्रियेने घडविलेली निवृत्ती

हे मूळ उलगडले ते एका खेदजनक मार्गाने. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील शल्यविशारद रॉबर्ट बॅटी यांनी ऑगस्ट १८७२ मध्ये एका तरुण स्त्रीची अंडाशये काढून टाकली. पाळीशी निगडित व्याधींवर रजोनिवृत्ती हाच उपाय आहे, तर ती आपणच घडवून आणावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी जर्मनीत हेगार व इंग्लंडमध्ये लॉसन टेट यांनीही अशा शस्त्रक्रिया केल्या. पुढील दोन-तीन दशकांत वेदना, अपस्मार, इतकेच नव्हे तर मानसिक विकारांसाठीही अंडाशये काढण्यात आली. विशी-तिशीतील स्त्रियांना अचानक गरम वाफा येऊ लागल्या, रात्री घामाने अंथरूण भिजू लागले, योनिमार्ग कोरडा पडू लागला. म्हातारपणाची समजली जाणारी लक्षणे वयाची नसून अंडाशयाच्या अभावाची आहेत, हे या स्त्रियांच्या शरीरांनी सिद्ध केले. १८९६ मध्ये व्हिएन्नातील एमिल क्नाउअर यांनी सशांमध्ये अंडाशयाचे पुनर्रोपण करून गर्भाशयाचे आक्रसणे टळते असे दाखविले. अंडाशयातून रक्तात काही द्रव्य मिसळत असले पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून पुढे आला. अमेरिकेत एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी यांनी १९२३ मध्ये या द्रव्याचा प्रभाव प्रयोगाने दाखविला व १९२९ मध्ये इस्ट्रोन हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात हाती आले.

प्रयोगशाळेची साक्ष

बोस्टनचे डॉ. फुलर अल्ब्राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध या इतिहासात निर्णायक ठरला. उंची खुंटलेल्या व पाळी न आलेल्या मुलींच्या मूत्रात पीयूषिका ग्रंथीचे एफएसएच हे संप्रेरक वाढलेले आढळले. अंडाशय प्रतिसाद देत नसल्याने मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी जणू अधिक जोराने हाका मारीत असते. बिघाड अंडाशयात आहे की वरच्या ग्रंथीत, हे प्रथमच मोजमापाने सांगता येऊ लागले. अल्ब्राइट यांनी यास अंडाशयाचा 'अपुरेपणा' म्हटले होते. पुढे १९६० च्या दशकापासून 'अंडाशयाचे अकाली अपयश' हा शब्दप्रयोग प्रचारात आला आणि तो कित्येक दशके टिकला. तिशीतील स्त्रीला तिचा अवयव 'अपयशी' ठरल्याचे सांगणे कठोर तर होतेच, शिवाय ते अचूकही नव्हते. कारण अशा अंडाशयाचे कार्य मधूनमधून परत सुरू होते व थोड्या स्त्रियांना नैसर्गिकरीत्या गर्भही राहतो. आता पुन्हा 'अपुरेपणा' हीच संज्ञा स्वीकारली गेली आहे.

युरोपातील मानवी प्रजनन संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ४० वर्षांखालील स्त्रीची पाळी किमान चार महिने बंद वा विरळ असणे आणि चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा एफएसएच २५ एककांपेक्षा अधिक असणे, असा निकष घालून दिला. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत निदान स्पष्ट असल्यास एकच चाचणी पुरेशी मानण्यात आली.

उपचारांच्या इतिहासाचा येथे केवळ उल्लेख करतो. २००२ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत संप्रेरकांचे धोके समोर आले व सर्वत्र भीती पसरली. त्या चाचणीतील स्त्रिया ५० ते ७९ वयाच्या होत्या. पस्तिशीत अंडाशय थकलेल्या स्त्रीचा प्रश्न निराळा होता. शरीराला त्या वयात जे मिळावयास हवे ते तिला मिळत नव्हते आणि हाडांची झीज व हृदयविकार यांचा धोका वाढत होता. तरीही ती भीती तिच्याही वाट्याला आली.

भारतीय संदर्भ : गणनेतील गल्लत

आपल्या समाजात पाळी चुकली की प्रथम दिवस गेल्याची शंका घेतली जाते आणि ती शंका फिटली की अशक्तपणावर बोट ठेवले जाते. मुले झालेल्या स्त्रीची पाळी पस्तिशीत थांबली, तर 'सुटले एकदाची' अशी भावना व्यक्त होणेही अस्वाभाविक नाही. बाजूला बसण्याचा जाच जिने सोसला आहे, तिला ती सुटका वाटल्यास नवल ते काय? परिणामी तक्रार दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही.

शासकीय गणनेनेही येथे एक गल्लत केलेली दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत (१९९८-९९) सहा महिने वा अधिक काळ पाळी न आलेल्या विवाहित स्त्रियांबरोबरच गर्भाशय काढलेल्या स्त्रियाही 'रजोनिवृत्त' या एकाच सदरात मोजल्या गेल्या. निसर्गाने लवकर आलेली निवृत्ती आणि शस्त्राने आणलेली निवृत्ती यांतील भेद त्या आकड्यांत पुसला गेला. गर्भाशय काढण्याची सविस्तर नोंद चौथ्या फेरीत (२०१५-१६) झाली, तेव्हा १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३.२ टक्के स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले.

या आकड्यामागील वास्तव महाराष्ट्रात बीड जिल्ह्याने समोर आणले. मागील तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढल्याची माहिती जून २०१९ मध्ये विधान परिषदेत देण्यात आली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या माहितीनुसार पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, खाडा पडला की दंड बसतो. फडात ना पाणी, ना आडोसा. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाणे वा पोटदुखी यांवर 'पिशवी काढणे' हा कायमचा इलाज म्हणून सांगितला गेला आणि तो स्वीकारला गेला.

बॅटी यांच्या रुग्ण आणि या स्त्रिया यांच्यात सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, तथापि एक फरक अधिक महत्त्वाचा आहे. अंडाशयेही काढली असतील तर रजोनिवृत्ती तत्काळ येते व निदान ओळखू तरी येते. केवळ गर्भाशय काढून अंडाशये राखली असतील, तरी ती अपेक्षित वयाआधी थकण्याची शक्यता वाढते. आणि येथे पाळीच नसल्याने ती थांबल्याचे कळण्यास मार्ग उरत नाही. छत्तीस वर्षांची स्त्री सांधे दुखतात, झोप लागत नाही, एकाएकी अंगाची लाही होते असे सांगते, तेव्हा त्या तक्रारी ऊसतोडणीच्या कष्टांच्या खाती जमा होतात. पाळी किती दिवस चुकली, हा निदानाचा पहिला प्रश्न तिच्या बाबतीत निरर्थक ठरतो. तिच्यासाठी उपयोगी पडतात ती टिल्ट यांच्या जंत्रीतील जुनीच लक्षणे, अल्ब्राइट यांनी रुजविलेली एफएसएचची तपासणी आणि शस्त्रक्रियेच्या वेळी नेमके काय काढले याचा कागद. हा शेवटचा कागद बहुतेकींच्या हाती नसतो.