कापूरहोळचा आडवा रस्ता

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या आपणांपैकी बहुतेकांस कापूरहोळ ठाऊक आहे ते एक फाटा म्हणून. पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर पाटी दिसते, उजवीकडे भोरचा रस्ता फुटतो, डावीकडे नारायणपूर-सासवडचा, आणि आपली गाडी सरळ पुढे निघून जाते. या उभ्या रस्त्यास छेदून जाणारा जो आडवा रस्ता आहे, त्याविषयी आज चार शब्द सांगावे असा आमचा विचार आहे. कारण या मुलुखाचा इतिहास बराचसा त्या आडव्या रस्त्याने चालला, असे आम्हांस वाटते.

प्रथम भूगोल पाहू. सह्याद्रीपासून डोंगरांच्या सोंडा पूर्वेकडे पसरल्या आहेत आणि त्यांच्या मधल्या खोऱ्यांतून नद्याही पूर्वेकडेच वाहतात. साहजिकच दक्षिणोत्तर जाणाऱ्या वाटसरूस प्रत्येक सोंड ओलांडावी लागते. कात्रजचा घाट आणि खंबाटकीचा घाट हे त्याचेच दोन पुरावे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यास मात्र खोरेच वाट दाखविते. महाडहून निघून एकदा वरंधा घाट चढला, म्हणजे नीरेच्या खोऱ्याने हिर्डोशीवरून भोर आणि भोरहून सुमारे १४ किलोमीटरवर कापूरहोळ. तेथून केतकावळ्यावरून पुरंदरच्या डोंगराची चढण ओलांडली, की नारायणपूर आणि कऱ्हेकाठचे सासवड. सावित्री, नीरा आणि कऱ्हा या तीन नद्यांची खोरी हा एक रस्ता जोडतो. कोकणातले मीठ, नारळ, सुकी मासळी घाटवाटांनी वर यावी आणि देशावरचे धान्य, गूळ खाली उतरावा, हा व्यवहार बैलांच्या पाठीवर शतकानुशतके चालला.

आता शिवकाल पाहा. राजगड आणि रायगड या दोन्ही राजधान्या कापूरहोळच्या पश्चिमेस, तर पुरंदर पूर्वेस. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजी महाराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती नाजूक होती, म्हणून बाळाच्या दुधाची सोय करावी लागली. ती केली कापूरहोळच्या धाराऊ गाडे पाटलीण यांनी. पुढे त्यांचे पुत्र अंतोजी आणि रायाजी संभाजी महाराजांच्या चाकरीत राहिले. गडावर राजपुत्र जन्मला आणि त्याची दूधआई पायथ्याजवळच्या गावातून आली. गड आणि गाव यांचे नाते याहून थोडक्यात कसे सांगावे? १६६५ साली याच पुरंदरावर दिलेरखानाशी झुंजताना पडले ते मुरारबाजी देशपांडे महाडकडचे. आमच्या आडव्या रस्त्याची ही दोन टोके अशी रक्ताने आणि दुधाने जोडलेली आहेत.

मग उभा रस्ता थोर केव्हा झाला? राज्याचा आस बदलला तेव्हा. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. पुढे पेशव्यांनी पुण्यास बस्तान बसविले. शनिवारवाडा उभा राहिला तो १७३० च्या सुमारास. छत्रपती साताऱ्यास आणि पेशवे पुण्यास, म्हटल्यावर जासूद, पालख्या, सरदार यांची ये-जा दक्षिणोत्तर सुरू झाली. नसरापूरजवळचे बनेश्वराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधविले, तेही याच वाटेलगत. इंग्रजांनी पुढे हीच दिशा पक्की केली.

आडव्या रस्त्याचे महत्त्व तरीही संपले नाही. पंत सचिवांचे भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत नांदत होते, आणि त्याचा सुधागड तालुका तर घाटाखाली होता. या रस्त्याजवळचे भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले. मावळातल्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि ते पाणी कालव्यांनी बारामती-इंदापूरच्या रानात पोहोचले. पावसाळी पश्चिमेने कोरड्या पूर्वेस पाजावे, हा खोऱ्याचा जुनाच न्याय. मात्र देणाऱ्याच्या वाट्यास काय आले, हे विचारण्याची रीत आपल्याकडे कमी.

हाच प्रश्न रस्त्यासंबंधीही आहे. पुणे-सातारा मार्ग आधी चौपदरी झाला, २०१० नंतर सहापदरीकरणाचे काम हाती घेतले गेले. वेग वाढला, हे चांगलेच झाले. परंतु त्या वेगास वाटेतल्या गावाची गरज नसते. आडवा रस्ता उलट गावागावांवर जगतो: भोरच्या बाजारास जाणारी भाजीवाली, शाळा-महाविद्यालयाची मुले, नारायणपूरच्या दत्तदर्शनास निघालेली मंडळी, दवाखान्यात न्यावयाची बाळंतीण, ही त्याची खरी रहदारी. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने वरंधा घाट वाहनांस बंद करावा लागतो, तेव्हा पुण्याच्या प्रवाशास ताम्हिणीचा पर्याय असतो. हिर्डोशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यास मात्र महाडकडची सोयरीक आणि बाजारपेठ चार महिने तुटल्यासारखी होते.

रस्त्याची थोरवी आपण पदर आणि वेग यांवरून मोजतो. जो रस्ता नसला तर माणसे एकमेकांस दुरावतात, त्यासही मोठा म्हणावयास हवे. पुढच्या वेळी साताऱ्यास जाताना कापूरहोळास गाडी थोडी थांबवावी, एकदा पुरंदराकडे आणि एकदा भोरकडे पाहावे, आणि सवड असेल तर सरळ न जाता वळावे, एवढीच आमची आपणांस विनंती आहे.